तेरा तास पंचावन्न मिनिटं

यादीत ती ओळ चौथी होती. ओळ आज कधीतरी समोर येणार हे तिला ठाऊक होतं, पण ती अकरा-साडेअकराच्या सुमाराला येईल, तोवर हात कामाला लागलेला असेल, असा तिचा हिशोब होता. साहेबांनी रात्रीतून क्रम बदलून लांब पल्ल्याची विमानं वर घेतली होती, त्यामुळे चहाचा कप टेबलावर ठेवायच्या आतच ती डोळ्यांसमोर आली. अंतर अकरा हजार आठशे सत्तर किलोमीटर. हवेतला सरासरी वेळ तेरा तास पाच मिनिटं. जाहीर वेळ तेरा तास पंचावन्न. शेवटच्या रकान्यात मागच्या हिवाळ्याची तारीख आणि तिचीच आद्याक्षरं. त्याखाली साहेबांची लाल अक्षरं : आणखी दहा मिनिटं वाढवता येतील का, पाहावे. अशा साठ ओळी ती दिवसाला उडवत असे. या ओळीवर मात्र तिचा हात थांबला, कारण या वेळी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, तिचा भाऊ या ओळीच्या आत बसलेला होता. चोवीस नंबरच्या रांगेत, खिडकीशेजारी. तिच्या घड्याळानुसार पहाटे तीन दहाला विमान हललं होतं आणि संध्याकाळी पाच पाचला ते इथं विमानतळाच्या दाराशी लागणार होतं. साडेसात तास झाले होते. सहा तास पंचवीस मिनिटं उरली होती, आणि त्यातली पंचवीस मिनिटं खोटी होती. ती तिनंच घातली होती.

विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात तिला एकोणीस वर्षं झाली होती. लोकांना वाटतं विमानाचा वेळ म्हणजे उडाल्यापासून उतरेपर्यंतचा. तो तसा नसतो. उभ्या विमानाच्या चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात. ते काढल्यापासून दुसऱ्या गावी परत लावेपर्यंतचा तो वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत सरकणं येतं, रांगेत उभं राहणं येतं, उतरल्यावर दारापर्यंत येणं येतं. आणि हे सगळं धरून झाल्यावर वर थोडा वेळ घालायचा. शंभरातली सत्तर विमानं वेळेत पोचतील इतका. विभागाचा तसा नियमच होता. वडिलांना एकदा तिनं हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते मशीनवर वाकलेले होते. दोरा दातानं तोडून त्यांनी विचारलं होतं, "आणि उरलेली तीस?" "त्यांची माफी मागायला वेगळा विभाग आहे," ती म्हणाली होती. वडील खूप हसले होते. मग म्हणाले होते, "म्हणजे तुम्हीही माया ठेवता."

वडील शिंपी होते. शिवणीच्या आत जो जास्तीचा कपडा ठेवतात त्याला ते माया म्हणत, सगळेच शिंपी म्हणतात, आणि इतरांपेक्षा पाव इंच जास्त ठेवत. "पोरं वाढतात, बायका जाड होतात, पुरुष कबूल करत नाहीत," असं ते म्हणत. तिच्या शाळेच्या झग्यांची माया तीनतीन वर्षं उसवत गेली होती. कुठलीच गोष्ट बरोबर मापाची कापू नये, हे तिनं त्या दुकानातच कधीतरी घेतलं असणार. घरात ती साडेपाचला निघायचं असेल तर पाच सांगे. नवऱ्यानं हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं आणि तो मनातल्या मनात अर्धा तास वजा करून बूट घालू लागला. भावाला तर लहानपणापासून माहीत होतं. "ताई, तुझे आठ की घड्याळाचे आठ?" हे त्याचं रोजचं. वडील तिला अर्धा तास म्हणूनच हाक मारत. आमच्या अर्ध्या तासाला विचारा. अर्धा तास आली का कामावरून. दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा तसंच म्हणत.

तिनं ओळ तशीच सोडली आणि पाचवीवर गेली. पाचवी जवळची होती, दोन तास दहा. सहावी, सातवी. यादी बाराला पाठवायची होती. तसं ती आज घरी राहू शकली असती, म्हणजे रुग्णालयात. साहेब स्वतः म्हणाले होते. पण सकाळी सात वाजता आत्यानंच तिला तिथून हाकललं होतं. "तू इथं बसून माझ्या भावाच्या श्वासांचा तक्ता करतेस. मला सगळं दिसतं. जा, तुझी विमानं मोज. मी आहे." आत्याचं खरं होतं. दोन श्वासांमध्ये किती सेकंद जातात हे ती मोजत होती, दहा-दहाची सरासरी काढत होती, आणि काल संध्याकाळची सरासरी आणि आजची सरासरी यांच्यातला फरक तिला नको असताना कळला होता.

पलीकडच्या टेबलावर वारेवाला बसत असे. कुठल्या मार्गावर, कुठल्या उंचीवर, कुठल्या महिन्यात वारा किती असतो याचे तीस वर्षांचे आकडे त्याच्याकडे होते, आणि बसायचा तो खिडकी घट्ट लावून, कारण वाऱ्यानं त्याचं डोकं दुखे. तिनं त्याला मान न वळवताच विचारलं, "चौथ्या ओळीवर आज कसा आहे?"

"चांगला. पाठीवर बसलाय. का, कुणी येतंय का?"

"भाऊ."

"मग जोर लाव म्हणून सांगतो वाऱ्याला," वारेवाला म्हणाला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. त्यानं चष्मा काढून पुसला आणि हळू आवाजात विचारलं, "वडील कसे आहेत?"

"आहेत," ती म्हणाली.

आहेत. नऊ दिवसांपूर्वीही ते होतेच. डॉक्टरांनी तिला जिन्याच्या वळणावर गाठलं होतं. तरुण डॉक्टर होते, त्यांच्या कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, आणि ते बोलत असताना ती त्या बटणाकडे बघत होती. "आठवडा," ते म्हणाले होते. "फार तर. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा." ती खाली येऊन फाटकाशी उभी राहिली आणि तिनं भावाला फोन लावला. तिकडे त्याची सकाळ होती, मागे नळाचा आवाज होता. "आठवडा," ती म्हणाली. नळ बंद झाला. मग त्यानं विचारलं, अगदी सरळ आवाजात, टोमणा नव्हता त्यात, "तुझा आठवडा की डॉक्टरांचा?"

इथं ती पुन्हा पुन्हा येत होती. गेले नऊ दिवस, भाजी चिरताना, पायऱ्या चढताना, साठ ओळी उडवताना ती त्या फाटकाशी परत येऊन उभी राहत होती. उत्तर एका शब्दाचं होतं. डॉक्टरांचा. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एखादा आकडा जसा मिळाला तसा पुढं दिला होता, काही न घालता, काही न काढता, आणि तेवढं सांगायचं होतं. ती म्हणाली, "आठवडा म्हणजे आठवडा." तो थोडा हसला. "म्हणजे दहा-बारा दिवस," तो म्हणाला. "ठीक आहे. नवव्या दिवशी पोचतो. इथलं काम सोपवून मग निघतो." आणि ती गप्प राहिली. राग आला होता हे खरं, पण रागानं माणूस फोनवर अकरा सेकंद गप्प राहत नाही. ते अकरा सेकंद तिनं नंतर मोजले नव्हते, तेव्हाच मोजले होते.

ती का गप्प राहिली हेही तिला ठाऊक होतं. आईच्या वेळचं होतं ते. तीन वर्षांपूर्वी, त्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर. तेव्हाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आठ-दहा दिवस. तिनं भावाला सांगितलं चार. तो सगळं टाकून आला, अंगावरच्या कपड्यांनिशी म्हणावं असा, आणि खोलीत शिरला तेव्हा आई उशीला टेकून बसली होती आणि तिनं त्याला विचारलं होतं, "अरे, तू इकडे कसा?" बारा दिवस तो राहिला. बारा दिवस आई बरी होत गेली. तो खालच्या बाकड्यावर बसून तिकडच्या लोकांशी फोनवर बोलायचा, पुन्हा पुन्हा तेच बोलायचा, अजून चार दिवस, अजून दोन दिवस. मग तो गेला. तो गेल्यावर अठ्ठावीस दिवसांनी आई गेली आणि त्याला पुन्हा येता आलं नाही. भांडण झालं नाही. तो भांडतच नसे. त्या दिवशी फोन ठेवताना तो फक्त म्हणाला होता, "तुझ्या वेळापत्रकात मी बसलो नाही, ताई." त्यानंतर ती त्याला कुठलाच आकडा सांगायला घाबरत होती. वडील पुन्हा उठून बसले तर. पुन्हा बारा दिवस, पुन्हा तो बाकडा. लवकर बोलावल्याचा दोष तिच्याकडे एक जमा होता. दुसरा तिला नको होता. म्हणून नवव्या दिवसाचं त्याचं त्यानं ठरवू दे, असं तिनं त्या अकरा सेकंदांत ठरवलं. आकडा त्याचा झाला की चूक त्याची होते. साहेब बैठकीत नेमकं हेच सांगत असत.

पावणेबाराला ती चौथ्या ओळीवर परत आली. साहेबांची लाल अक्षरं तशीच होती. वाद घालता आला असता. विमान फार लवकर येऊ लागलं की दाराशी जागा मिळत नाही, आधीचं विमान तिथं उभं असतं, लोक खिडकीतून इमारत बघत अडकून पडतात. हे तिनं मागच्या वर्षी लेखी दिलं होतं. आज तिची बोटं आपोआप चालली. चौदा तास पाच मिनिटं. आद्याक्षरं, तारीख. यादी गेली.

एक वाजून पाच मिनिटांनी आत्याचा फोन आला. "ये," आत्या म्हणाली. एवढंच. एरवी आत्या फोनवर स्वयंपाकघरापासून सुरू करत असे. ती उठली. वारेवाल्यानं तिची पिशवी खुर्चीवरून काढून हातात दिली. तिनं टॅक्सी केली. चालकानं आरशातून विचारलं, "घाईत आहात?" ती नाही म्हणाली. का म्हणाली, कोण जाणे. बाहेर दुकानांच्या पाट्या सरकत होत्या, एका पुलाचं काम निघालेलं होतं, पिवळं जाकीट घातलेला माणूस हात वर करून सगळ्यांना थांबवत होता, आणि ती त्या हाताकडे बघताना विचार करत होती की आत्ता विमानातल्या बायका ट्रे गोळा करत असतील, भाऊ झोपला असेल, त्याला तोंड उघडं ठेवून झोपायची सवय आहे, आणि त्याच्या समोरच्या छोट्या पडद्यावर एक विमान निळ्या रंगावरून मुंगीसारखं सरकत असेल. तिच्या फोनवरही तसा नकाशा दिसला असता. तिनं तो सकाळपासून उघडला नव्हता.

नकाशावरून आठवलं ते वडिलांचं. भाऊ तिकडे गेला त्या वर्षी वडिलांनी भिंतीवरच्या नकाशावर मोजपट्टी लावून अंतर काढलं होतं आणि ते चुकलं होतं. मग तिनं त्यांना पृथ्वीचा गोल आणून दिला. विमान सरळ जात नाही बाबा, वरून वळसा घालून जातं, गोलावर तोच जवळचा रस्ता. वडिलांनी गळ्यातली मोजपट्टी काढून गोलावर ताणली, कमरेचं माप घेतात तशी, एक बोट आत घालून. "अकरा इंच," ते म्हणाले. मग बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. "अर्धी बाही," ते म्हणाले. "अर्ध्या बाहीवर तर राहतो." त्यानंतर तो येणार असला की त्यांचा प्रश्न ठरलेला. कुठवर आला? ती शर्टाच्या बाहीवर बोट ठेवून दाखवायची. खांद्याची शिवण म्हणजे तिकडचं गाव. बाहीची किनार म्हणजे हे.

खोलीत पडदा अर्धा ओढलेला होता. आत्या पायाशी बसली होती, हातात न सोललेलं संत्रं. "तुझ्या बाबांनी मघाशी डोळे उघडले," आत्या म्हणाली. "मला म्हणाले, या बाहीला माया सोडलेली नाही. कुणी शिवलं हे? म्हटलं, दादा, मेला तो शिंपी. तर म्हणाले, बरं झालं." आत्या हसली आणि हसतानाच तिनं तोंड फिरवलं. रुग्णालयाच्या त्या फिकट शर्टाची बाही खरोखरच ओढून बसवलेली होती, किनारीला एक दोरा सुटून लोंबत होता. दोन पन्नास झाले होते. श्वास येत होता, मग येत नव्हता, मग खोलातून काढल्यासारखा येत होता. तिनं मोजायचं नाही असं ठरवलं आणि सोळा मोजले.

"कुठवर आला?" वडिलांनी विचारलं.

डोळे मिटलेलेच होते. आवाज इतका बारीक होता की आत्याला ऐकू गेला नाही. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि बाहीवर बोट ठेवलं, किनारीपासून दीड इंच वर. "इथं, बाबा." त्यांनी मान हलवली का, ते नक्की सांगता येणार नाही. बोट तिनं उचललं नाही. कापडाखाली दंड गरम होता आणि फार बारीक, लाकडी गजासारखा. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. साडेतीनला बोट पाऊण इंचावर आलं. ती ढकलत नव्हती असं तिला वाटत होतं, ते आपलं आपण सरकत होतं. आता वैमानिकानं उंची सोडली असेल. आता कानांत दडे बसत असतील. एकदा तिला वाटलं की बोट जरा भरभर नेलं तर. वडील बघत नव्हते. किनारीवर बोट ठेवून "आला बाबा" म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं. एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. तिनं बोट होतं तिथंच ठेवलं. श्वासांतलं अंतर वीस झालं, मग सव्वीस. आत्या उठून डोक्याशी आली आणि कपाळावरचे केस मागं सारत राहिली, लहान मुलाचे सारतात तसे. चार वाजून दहा मिनिटांनी एक श्वास बाहेर गेला. तिनं तीस मोजले, साठ मोजले, नव्वद मोजले. बाहीवर पाव इंच उरलं होतं.

त्यानंतरचं सगळं चटचट झालं. परिचारिका आली, तिनं डॉक्टरांना बोलावलं. तेच डॉक्टर, तेच बटण. त्यांनी डोळ्यांत प्रकाश टाकला, छातीवर नळी ठेवली, मनगट धरलं, मग स्वतःच्या घड्याळात बघून कागदावर लिहिलं : चार बावीस. ती बघत होती. दुरुस्त करावं असं तिला वाटलं.

चार एकेचाळीसला फोन थरथरला. "उतरलो. चोवीस मिनिटं लवकर. पकडली तुझी चोरी." त्याच्या पाठोपाठ दुसरा. "पण दाराशी जागा नाही म्हणे, मैदानातच उभं केलंय. बाबा?"

ती व्हरांड्यात आली. खिडकीबाहेर रुग्णालयाचे कपडे दोरीवर वाळत होते, ओळीनं, सगळ्या बाह्या खाली. तिनं "आत्ताच" असं लिहिलं आणि पुसलं. "अरे" लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, "सावकाश ये."

अडतीस वर्षांत तिनं त्याला हे शब्द कधी सांगितले नव्हते. आवर, ऊठ, नीघ, उशीर होतोय, पोचायला हवंस, हेच. दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. तो काहीतरी लिहायला लागला, थांबला, पुन्हा लागला, पुन्हा थांबला. शेवटी आलं ते एवढंच : "किती वाजता?"

"चार दहा."

मग : "तुझे की डॉक्टरांचे?"

ती भिंतीला टेकली. कुठल्या तरी खोलीत चमचा खाली पडल्याचा आवाज झाला. तिनं लिहिलं, "माझे. डॉक्टरांनी बावीस लिहिलंय." ते पाठवलं. मग लिहिलं, "तो आठवडा डॉक्टरांचा होता. तू विचारलंस तेव्हा मी सांगायला हवं होतं. मुद्दाम नाही सांगितलं." ती वाचत राहिली. मुद्दाम हा शब्द काढला असता तरी वाक्य पुरं होत होतं. तो तसाच ठेवून तिनं पाठवलं. खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

खोलीत आत्या अजून केस सारत होती. "कुठवर आला?" तिनं विचारलं.

"आलाय. विमानाचं दार उघडत नाहीये."

"मग ठोठाव म्हणावं," आत्या म्हणाली, आणि तिला आता रडू आलं.

ती खुर्चीवर बसली. फोन मांडीवर उलटा ठेवला, सुलटा केला, परत उलटा केला. तो आता त्या नळीसारख्या खोलीत उभ्या लोकांच्या रांगेत असेल, सामान खांद्याला, काचेतून इमारत दिसत असेल, शंभर पावलांवर. ती वीस-बावीस मिनिटं तिनंच त्याला दिलेली होती. पाच वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला.

"दार उघडलं."

ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. पुढं काही येतंय का वाट पाहिली. आलं नाही. ठोकळे लागले म्हणजे, वेळेच्या एक मिनिट आधी. उद्या ऑफिसातल्या नोंदीत हे विमान वेळेवर पोचलेल्या सत्तरांत धरलं जाईल.

आत्यानं पदरानं नाक पुसलं. "पोचेल कधी इथं?"

शिक्के मारायची रांग पंचवीस मिनिटं. सामान वीस. टॅक्सी, पुलाचं काम, पिवळं जाकीट. आकडे सवयीनं एकाखाली एक येऊन बसले आणि तिनं त्यांची बेरीज केली नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि बाहीचा तो लोंबणारा दोरा बोटाला गुंडाळत बसून राहिली.